चातकाची वही आणि वगळलेले एक वर्ष

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

"मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो आणि सिडकोत राहतो. शिक्षण आयटीआयपर्यंत झाले आहे. 2016 पासून दर वर्षी पांडवलेणीच्या पायथ्याशी आणि पाथर्डीकडच्या माळावर चातक पहिल्यांदा कधी दिसला आणि त्यानंतर पाऊस कधी आला, याची नोंद मी वहीत ठेवतो. चातक दिसल्यापासून आठ ते चौदा दिवसांत पाऊस येतो, असे माझ्या नऊ वर्षांच्या तक्त्यावरून दिसते. 2025 मध्ये पाऊस फारच लवकर आल्यामुळे ते वर्ष अपवाद म्हणून तक्त्यात धरलेले नाही. हा तक्ता घेऊन मी एका महाविद्यालयातील प्राध्यापकांना भेटलो. वही न उघडताच त्यांनी 'हे शास्त्रज्ञांचे काम आहे, तुम्ही छंद म्हणून पक्षी पाहा' असे सांगितले. 2023 मध्ये सिन्नर तालुक्यातील माझ्या मेहुण्यांनी माझ्या अंदाजावरून सोयाबीन पेरले, नंतर पावसाने ओढ दिली आणि त्यांना दुबार पेरणी करावी लागली, हेही प्रामाणिकपणे लिहितो. माझ्यासारख्या माणसाला विज्ञानात काही जागा आहे का? असल्यास ही वही कोणाकडे न्यावी?"

एक वाचक, सिडको, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र, सोबतचा तक्ता आणि वहीच्या पानांच्या छायाप्रती मी दोन दिवस समोर ठेवून वाचल्या. प्राध्यापक महोदयांनी वही उघडली नाही याचे मला वाईट वाटले. त्यांनी नोंदी वाचून त्यांत दहा चुका दाखवल्या असत्या, तर तो तुमचा मानच झाला असता. नोंदी न पाहता माणूस कोण आहे एवढे पाहून दिलेला निकाल मात्र कोणत्याही शास्त्रात बसत नाही. मी वही उघडली आहे, त्यामुळे तिच्यात जे दिसले ते मोकळेपणाने सांगणे माझे कर्तव्य आहे. त्यातील काही गोष्टी तुम्हाला रुचणार नाहीत. तरीही त्या मी सौम्य करून लिहिलेल्या नाहीत, कारण दहा वर्षे पहाटे उठून माळावर जाणाऱ्या माणसाची केवळ पाठ थोपटणे हा त्याच्या कष्टांचा अपमान आहे, असे मला वाटते.

जागा आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. नाशिककराने हा प्रश्न विचारावा याचे मला थोडे आश्चर्य वाटले, कारण त्याचे उत्तर आपल्या देवळालीतच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. एवढीच त्यांची पदवी होती. कोणत्याही विद्यापीठात त्यांना संशोधनाचे पद नव्हते, आणि आपली अनेक टिपणे त्यांनी पदरमोड करून छापली. संख्यांशी खेळणारे मास्तर म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची कमतरता नव्हती. 1940 च्या दशकात त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती तपासायला तुम्हाला आत्ता फक्त कागद आणि पेन्सिल लागेल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 5432 मधून 2345 वजा जाऊन 3087 उरतात; 8730 मधून 0378 गेले की 8352; आणि 8532 मधून 2358 गेले की 6174. पुढे कितीही वेळा केले तरी 6174 च येतात. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तिथेच पोहोचतो. 1975 च्या मार्च महिन्यात गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा आपल्याकडच्याही अनेकांना या मास्तरांची खरी ओळख पटली.

या गोष्टीतून आपण काय घ्यायचे, याबाबत थोडे थांबून विचार करावा लागतो. 'पाहा, कापरेकरांनाही लोक नावे ठेवत होते, म्हणजे माझेही खरे ठरणार', असा अर्थ अनेक जण काढतात, आणि तो मला घातक वाटतो. नावे ठेवली गेली म्हणून 6174 खरे ठरले नाहीत. ज्याला शंका होती त्याने स्वतः वजाबाकी करून पाहिली आणि त्यालाही तेच उत्तर आले, म्हणून ते खरे ठरले. कापरेकरांची पदवी, हुद्दा, पोशाख, यांपैकी कशाचाही त्या वजाबाकीशी संबंध नव्हता. तुमच्या वहीकडेही मी याच दृष्टीने पाहिले: उद्या ओझरच्या किंवा इगतपुरीच्या एखाद्या अनोळखी माणसाने ठरवले, तर तुमचे म्हणणे तो तुम्हाला न भेटता तपासू शकेल का?

संख्येचे एक बरे असते, ती जागची हलत नाही. पाऊस आणि पक्षी हलतात, दर वर्षी वेगळे वागतात, आणि म्हणून तिथे एका माणसाची हुशारी पुरत नाही. अनेक माणसांचा, अनेक वर्षांचा, एकाच पद्धतीने केलेला पहारा लागतो. हौशी निरीक्षकांची विज्ञानाला सर्वाधिक गरज असते ती अशाच ठिकाणी. आजच्या बांगलादेशातील जेसोर येथे राधा गोविंद चंद्र नावाचे सरकारी खजिन्यातील एक कर्मचारी होते. दिवसभर नाणी आणि हिशेब सांभाळायचे आणि रात्री रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होत राहते अशा ताऱ्यांची, निरीक्षणे करायची, हा त्यांचा अनेक दशकांचा क्रम होता. अशा ताऱ्यांच्या नोंदी गोळा करण्यासाठी 1911 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एएव्हीएसओ या संस्थेला त्यांनी 37 हजारांहून अधिक निरीक्षणे पाठवली, आणि त्या संस्थेने सहा इंची दुर्बीण समुद्रापलीकडून त्यांच्याकडे पाठवून दिली. त्यांच्या एकट्याच्या नोंदींनी एखादा सिद्धांत उभा राहिला असे नाही. मात्र ज्या रात्री मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणी दुसरीकडे रोखलेल्या होत्या, त्या रात्री त्या ताऱ्याचे तेज किती होते, हे सांगणारा कोणीतरी जागा होता, आणि त्याने पाहिलेले इतरांच्या मापात बसेल अशा रीतीने लिहून ठेवलेले होते.

दुसरे उदाहरण जर्मनीतील डेसाऊ येथील हाइनरिख श्वाबे यांचे. ते औषधविक्रेते होते. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ एखादा ग्रह असावा, आणि तो सूर्यबिंबावरून जाताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, या आशेने त्यांनी 1826 पासून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. त्या ठिपक्याची सौरडागांशी गल्लत होऊ नये म्हणून, सूर्य दिसेल त्या प्रत्येक दिवशी ते डागांचीही मोजणी करून ठेवू लागले. ग्रह सापडला नाही; तो नव्हताच. मात्र सतरा वर्षांनी, 1843 मध्ये, त्यांच्याच नोंदींतून सूर्यावरील डाग सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात हे पुढे आले. मला या गोष्टीतील सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो की, श्वाबे यांनी आपल्या लाडक्या ग्रहाला सोयीचे दिवस तेवढे लिहिले नाहीत. त्यांनी सगळे दिवस लिहिले. म्हणून त्यांना जे हवे होते ते मिळाले नाही, तरी जे खरे होते ते मिळाले.

आता तुमच्या वहीकडे येते, आणि थेट 2025 कडे येते.

ते वर्ष तुम्ही अपवाद म्हणून बाजूला ठेवले आहे. त्या वर्षी मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला. नाशिक जिल्ह्यात तर मे महिन्यातच काढून ठेवलेला उन्हाळ कांदा शेतात भिजला. तुमच्या वहीत त्या वर्षीचा पहिला चातक 1 जूनचा आहे, म्हणजे पाऊस आधी आला आणि पक्षी नंतर दिसला. त्याच्या उलट 2023 मध्ये मुंबईत मान्सून 25 जूनला पोहोचला. या दोन वर्षांत जवळजवळ एका महिन्याचे अंतर आहे, आणि मान्सूनचा अंदाज देणाऱ्या कोणत्याही खुणेची खरी परीक्षा अशाच वर्षी होते. नेहमीच्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल, हे मोगऱ्याचे गजरे विकणारी बाईसुद्धा सांगेल. चातकाला खरोखर काही कळत असेल तर ते 2025 सारख्या वर्षी दिसायला हवे, आणि तेच वर्ष तक्त्यातून गेले आहे. तुम्ही टूलरूममध्ये काम करता, म्हणून तुम्हाला समजेल अशा भाषेत विचारते: जॉब, म्हणजे घडवलेला भाग, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसत नाही, म्हणून गेज घासून मोठे करणाऱ्या कारागिराला तुम्ही काय म्हणाल? ते वर्ष तक्त्यात परत घाला. त्याने तक्ता बिघडला तर बिघडू द्या.

दुसरी अडचण 'पहिला पाऊस' या शब्दांची आहे, आणि ती मला 2025 पेक्षाही खोल वाटते, कारण ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. 2020 मध्ये 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि पुढे नाशिकच्या दिशेने सरकले. त्या दिवशी आपल्याकडे झालेला पाऊस तुम्ही 'वादळाचा पाऊस, धरायचा नाही' असे लिहून सोडून दिला आणि 11 जूनचा पाऊस धरला. निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. मात्र 2023 च्या पानावर पाथर्डी फाट्याला झालेली एक सर तुम्ही 'पहिला पाऊस' म्हणून धरली आहे, आणि त्यानंतर मान्सून येईपर्यंत किती दिवस कोरडे गेले, हे तुमच्या मेहुण्यांना चांगलेच ठाऊक आहे. एका वर्षी वळिवाची सर चालली आणि दुसऱ्या वर्षी वादळाचा मुसळधार पाऊस चालला नाही. दोन्ही वेळी निवड अशी झाली की अंतर आठ ते चौदा दिवसांतच बसले. तुम्ही हे जाणूनबुजून केलेत असा आरोप मी करत नाही. आपल्याला एखादी गोष्ट मनापासून खरी वाटत असली की हात आपोआप त्या बाजूला जातो, आणि हे पदवीधर शास्त्रज्ञांच्या बाबतीतही घडते. म्हणूनच व्याख्या आधी लिहून ठेवायची असते. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेआठ असा दिवस धरतो आणि त्यात 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस मानतो. तुम्ही यापेक्षा कडक अट घाला. उदाहरणार्थ, सलग तीन दिवस पावसाचे असतील तर त्यांतील पहिला दिवस धरायचा. कोणतीही अट चालेल. ती निरीक्षण सुरू करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा आणि ऑक्टोबरपर्यंत तिला हात लावू नका.

तिसरी गोष्ट मला तुमच्या वहीतील तारखांसमोर वार लिहून पाहताना आढळली. नऊपैकी सात वर्षांचा 'पहिला चातक' तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दिसलेला आहे. चातक सुट्टीचा वार पाहून येत नाही. तुम्ही त्या दिवशी माळावर जाता. म्हणजे वहीत चातक आल्याची तारीख नाही, चातक आल्यानंतर तुम्ही पहिल्यांदा माळावर गेलात ती तारीख आहे. ज्या आठवड्यात तुमची पहिली शिफ्ट असते त्या आठवड्यात सकाळचे निरीक्षण होत नाही, हेही ओघाने आलेच. या दोन तारखांत सहा दिवसांचे अंतर सहज पडू शकते, आणि तुमचे सगळे म्हणणेच सहा दिवसांच्या पट्ट्यावर उभे आहे. व्हर्निअर या मापनयंत्राचे जबडे मिटवून शून्य दोष, म्हणजे ते शून्यावरच किती चुकते, हे पाहिल्याशिवाय तुम्ही जॉब मोजायला घेत नाही. इथे तुमच्या पाहण्याचाच शून्य दोष काढायचा राहिला आहे.

उपाय अवघड नाही. 10 मेपासून, शिफ्ट कोणतीही असो, दिवसातून एकदा ठरावीक पंधरा मिनिटे ठरावीक जागी उभे राहा आणि रोज लिहा. चातक दिसला नाही तर 'दिसला नाही' असे लिहा. जाता आले नाही तर 'गेलो नाही' असे लिहा, कारण या दोन गोष्टी एक नाहीत आणि तुमच्या आजच्या वहीत दोन्हींच्या जागी सारखाच कोरा कागद आहे. मला विचाराल तर 'दिसला नाही' ही त्या वहीतील सर्वांत किमती नोंद असेल. 28 मेपर्यंत रोज पाहिले आणि नव्हता, 29 मे रोजी होता, असे लिहिलेले असेल तरच 29 मे या तारखेला वजन येते.

आणखी एक बारकावा. 2016 ते 2018 या तीन वर्षांच्या पानांवर 'चातक ऐकला' असे आहे, 'पाहिला' असे नाही. काळापांढरा, डोक्यावर तुरा आणि पंखावर पांढरा डाग असलेला चातक एकदा दिसला की सहसा चूक होत नाही. आवाजाचे मात्र तसे नसते. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असे ओरडणारा पावशा हाही कोकिळेच्याच कुळातील पक्षी आहे, आणि पुष्कळ घरांत त्यालाच चातक म्हणतात. पावशा इथेच राहतो. थंडीत गप्प असतो आणि ऊन वाढले की ओरडू लागतो. त्याचे ओरडणे म्हणजे कोणाचे आगमन नव्हे. ती तीन वर्षे तक्त्यात ठेवायची तर त्यांच्यापुढे 'फक्त आवाज' असे स्पष्ट लिहायला हवे.

हे सारे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. शाळेत विज्ञान शिकवत असताना माझ्या अंगणात एक पर्जन्यमापक होता, आणि पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मी त्याचे माप घेत असे. काही वर्षांनी एकूण पाऊस दर वर्षी थोडा थोडा कमी होत चालला आहे असे मला दिसले, आणि आपल्या भागातला पाऊस घटतो आहे, असे मी वर्गात मुलांना आकडे दाखवून सांगितले. मग एका वादळात कुंपणालगतच्या आंब्याची मोठी फांदी मोडून पडली आणि त्याच पावसाळ्यात माझा पाऊस 'परत आला'. पर्जन्यमापक अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा हा नियम मला पाठ होता. बसवला तेव्हा तो पाळलाही होता. आंबा मात्र वाढत होता आणि त्याची उंची मी कुठेही लिहीत नव्हते. पुढच्या वर्गांना मी ती चूक सांगितली, पण आधीच्या मुलांपर्यंत ती दुरुस्ती कधीच पोहोचली नाही, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

इतके सगळे दोष दाखवल्यावर 'मग चातकात काहीच नाही का', असे तुम्ही विचाराल. आहे. मध्य आणि उत्तर भारतात चातक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास येतो, तो आफ्रिकेतून येत असावा असे मानले जाते, आणि सातभाईसारख्या पक्ष्यांच्या घरट्यांत तो अंडी घालतो. त्याचे येणे आणि मान्सूनचे येणे यांचा संबंध अभ्यासकांनाही विचारात घेण्याजोगा वाटला आहे. 2007 मध्ये सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या उपक्रमाने देशभरातील पक्षीनिरीक्षकांकडून चातकाच्या पहिल्या दर्शनाच्या नोंदी मागवल्या होत्या, आणि त्या पाठवणाऱ्यांत बहुतेक जण तुमच्यासारखे नोकरी-व्यवसाय सांभाळून पक्षी पाहणारे होते. म्हणजे तुम्ही निवडलेला प्रश्न चांगला आहे. मात्र तो येतो आणि पाऊसही येतो, एवढ्यावरून त्याच्या तारखेवरून पावसाची तारीख काढता येते, असे होत नाही. हे तपासण्याची एक सोपी रीत सांगते, आणि ती तुम्ही स्वतःच करावी अशी माझी इच्छा आहे. तुमच्या दहाही वर्षांच्या पावसाच्या तारखांची सरासरी काढा. चातक-बितक काही न पाहता, दर वर्षी फक्त ती सरासरी तारीख सांगितली असती तर तुम्ही किती दिवसांनी चुकला असता, ते एका रकान्यात लिहा. चातकाच्या तारखेत अकरा दिवस मिळवून अंदाज केला असता तर किती दिवसांनी चुकला असता, ते दुसऱ्या रकान्यात लिहा. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा ठळकपणे लहान असेल तरच चातक काही सांगतो आहे असे म्हणण्याला आधार मिळेल, आणि तरीही दहा वर्षे म्हणजे फक्त दहाच नोंदी, हे विसरून चालणार नाही. यंदापासून आणखी एक करा: चातक दिसल्याच्या दिवशीच आपला अंदाज तारखेसह लिहून, तुमच्या मताशी सहमत नसलेल्या एखाद्या मित्राला पाठवून ठेवा. पाऊस आल्यानंतर जुळवलेला हिशेब आणि पाऊस येण्यापूर्वी पाठवलेली चिठ्ठी यांची किंमत सारखी नसते.

मेहुण्यांचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी एका वाक्यात केला आहे. मला तो पत्रातील सर्वांत गंभीर भाग वाटला. आपली समजूत चुकली तर आपल्या वहीतील एक रकाना चुकतो, पण ती दुसऱ्याच्या शेतात पेरली गेली की बियाण्याची पिशवी, खत, मजुरी आणि एक हंगाम जातो. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग दर वर्षी सांगतो. तो सल्ला चातकाच्या तारखेपेक्षा रुक्ष आहे, पण शेतकऱ्याचे नुकसान टाळणारा आहे. तुमचा अंदाज पुढची काही वर्षे आधी लिहून, उघडपणे तपासला जाऊन टिकेपर्यंत कोणालाही पेरणीसाठी सांगू नका, आणि मेहुण्यांना भेटून 2023 चा अंदाज कसा चुकला ते वही समोर ठेवून समजावून सांगा. त्यांनाच एक पर्जन्यमापक घेऊन द्या, असेही मी सुचवीन. शेतकऱ्याला प्रयोग शिकवावा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी वेगळे ठेवले, वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून पुढे एचएमटी या नावाने गाजलेला तांदूळ मिळाला. पाहिल्या दिवशीच त्यांनी गावाला बियाणे वाटले नाही. 'वेगळे पेरले' हे त्या गोष्टीतील मला सर्वांत आवडणारे शब्द आहेत.

वही कोणाकडे न्यावी, याचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. एखाद्या मोठ्या माणसाच्या टेबलावर ती नेण्याची गरज नाही. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावर खाते उघडा आणि माळावरील रोजची पंधरा मिनिटे तिथे पूर्ण यादी म्हणून भरा. दिसलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत का, असा प्रश्न ते विचारते, आणि त्याला 'होय' म्हणता आले की न दिसलेल्या चातकाचीही नोंद आपोआप होते. भारतातील 942 पक्षिजातींचा आढावा घेणारा 2023 चा अहवाल सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे, त्यामुळे तिथे तुम्ही एकटे नसाल. पावसासाठी स्वतःच्या आठवणीवर विसंबू नका: हवामान विभागाचे आणि महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळवा आणि जोडीला सिडकोतील घराच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवा, टाकीपासून नीट अंतर राखून. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात जाणारे जे पक्षीमित्र तुमच्या ओळखीचे असतील, त्यांच्यापैकी दोघा-तिघांना मे-जूनमध्ये आपापल्या गावी हीच पंधरा मिनिटे द्यायला तयार करा. नाशिक, इगतपुरी आणि येवला येथे पाऊस एकाच दिवशी येत नाही, आणि चातकाचा पावसाशी खरा संबंध असेल तर या तीन ठिकाणच्या तारखांतील फरक तो दाखवील. हे काम तुमच्या एकट्याच्या दहा वर्षांपेक्षा मोलाचे ठरेल, आणि विद्यापीठातील एखाद्या अभ्यासकाला ते मिळवायचे म्हटले तरी इतकी माणसे रोज पहाटे माळावर उभी करणे त्याला जमणार नाही.

जाताना दोन पथ्ये तेवढी पाळा: पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, आणि सातभाईच्या घरट्यात चातकाचे अंडे आढळले तर त्याची जागा कोणत्याही समूहावर टाकू नका.

'हौशी' या शब्दाने तुम्ही खट्टू झाला आहात, असे पत्राच्या सुरावरून वाटले. आपल्याकडे परशुराम साईखेडकर नाट्यगृहात हौशी राज्य नाट्य स्पर्धेची नाटके होतात, तेव्हा कारखान्यातून सुटून महिनोन्‌महिने तालीम केलेला कलावंत रंगमंचावर आला की त्याची नोकरी कोणती, असे प्रेक्षक विचारत नाहीत. पण संवाद विसरला तर हौशी आहे म्हणून माफही करत नाहीत. तुम्ही त्याच मापाने स्वतःकडे पाहावे, असे मला वाटते.

मूळ वहीतील काहीही खोडू नका; दुरुस्त्या नव्या वहीत करा, कारण जुन्या चुका कुठे होत्या हे पुढे तुम्हालाच पाहावे लागेल. 2025 च्या पानाची स्वच्छ प्रत आणि 'फक्त आवाज' अशी खूण केलेला दुरुस्त तक्ता मला 10 मेच्या आत पाठवा, म्हणजे पावसाची व्याख्या आपण दोघे मिळून, पहिला ढग दिसण्यापूर्वी, पक्की करू.